रिकाम्या मैलांचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



अमेरिकेत अ‍ॅपवर गाडी चालवणाऱ्या चालकाने आपले मैल मोजण्यासाठी दुसरे कोणते अ‍ॅप निवडावे, हा विषय अभ्यासवर्गाच्या पत्रिकेवर पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हा करसल्लागाराचा विषय, त्यात समाजवादी कार्यकर्त्याने लक्ष घालावे असे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हटला पाहिजे. माझे उत्तर असे की, श्रमाचा हिशेब कोणी ठेवायचा, कोणत्या मापाने ठेवायचा आणि तो कोणाच्या हाती राहायचा, हा कामगार चळवळीचा फार जुना प्रश्न आहे. गिरणीचा भोंगा, मुकादमाच्या बगलेतील हजेरीपुस्तक, सावकाराची चोपडी ही त्याच प्रश्नाची जुनी रूपे होत. आज तो प्रश्न मोटारचालकाच्या खिशातील फोनमध्ये येऊन बसला आहे. म्हणून त्याचा बारकाईने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उबर आणि लिफ्ट या कंपन्या प्रवासी मिळवून देतात. डोअरडॅशसारख्या कंपन्या उपाहारगृहातील जेवण घरोघरी पोहोचवण्याचे काम देतात. गाडी चालकाची, पेट्रोल त्याचे, दुरुस्ती त्याची, टायर झिजले तर तेही त्यानेच बदलायचे. कंपनीकडे असते ते अ‍ॅप आणि त्यामागची हिशेबाची यंत्रणा. करारात चालकाला 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हटलेले असते. त्यामुळे नोकराला कायद्याने मिळणारे किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, बेकारी विमा यांपैकी फारसे काही त्याच्या वाट्याला येत नाही. मालक आणि नोकर हे नाते कागदावरून पुसले की मालकाने सोसावयाचा खर्चही त्याबरोबर पुसला जातो. प्रत्यक्षात तो खर्च नाहीसा होत नाही, चालकाच्या माथी जाऊन बसतो.

आता या चालकाचे मैल पाहा. ते तीन प्रकारचे असतात. प्रवासी गाडीत बसलेला असताना तो जे अंतर तोडतो ते पहिले. सवारी स्वीकारल्यावर तिला घेण्यासाठी जे अंतर जातो ते दुसरे. आणि सवारी मिळावी म्हणून विमानतळाच्या, स्थानकाच्या, बाजारपेठेच्या दिशेने गाडी नेतो, किंवा दूरच्या उपनगरात सवारी सोडून कामाच्या भागात परत येतो, ते तिसरे. आपल्याकडील टॅक्सीवाले 'खाली गाडी' म्हणतात ती हीच. भाडे ठरते ते मुख्यत्वे पहिल्या प्रकारच्या मैलांवर. पेट्रोल मात्र तिन्ही प्रकारच्या मैलांना लागते. इंजिनाला सवारी आहे की नाही हे ठाऊक नसते.

येथे अमेरिकेचा करविषयक कायदा पुढे येतो. चालक नोकर नाही, व्यापारी आहे, असे एकदा मानले की व्यापाऱ्याप्रमाणे त्याला धंद्याचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. त्याचे दोन मार्ग आहेत. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, घसारा यांच्या एकेका पावतीचा हिशेब ठेवून प्रत्यक्ष खर्च दाखवणे, हा एक. धंद्यासाठी गाडी जितके मैल चालली त्यांना सरकारने जाहीर केलेल्या प्रमाण दराने गुणणे, हा दुसरा. २०२५ या वर्षासाठी हा दर मैलाला ७० सेंट होता. २०२६ साठी तो साडेबहात्तर सेंट आहे. प्रमाण दर घेतला की पेट्रोल किंवा दुरुस्ती वेगळी दाखवता येत नाही; रस्त्याचा टोल आणि कामाच्या वेळचे पार्किंग तेवढे वेगळे दाखवता येते. शिवाय स्वतःच्या मालकीच्या गाडीसाठी हा मार्ग घ्यायचा तर ती धंद्यात आणली त्या पहिल्याच वर्षी तो घ्यावा लागतो. नंतरच्या वर्षी प्रत्यक्ष खर्चाकडे वळता येते. पहिल्या वर्षी अजाणतेपणी दुसरा रस्ता धरला तर त्या गाडीपुरता प्रमाण दराचा दरवाजा बंद होतो.

या ७० सेंटांच्या पोटात काय आहे? २०२५ च्या दरातील ३३ सेंट हे घसाऱ्याचे, म्हणजे गाडीच्या झिजेचे, धरलेले आहेत. जवळजवळ निम्मा भाग. हा आकडा कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. संध्याकाळी चालक घरी येतो तेव्हा त्याच्या हातात दिवसाची कमाई दिसते, पण तिच्यातील काही भाग ही त्याच्या गाडीची किंमत असते. ती गाडी रोज थोडीथोडी विकली जात असते आणि त्या विक्रीची नोंद कोठेही होत नसते. शेतकरी बियाण्याचे धान्य दळून खाऊ लागला तर त्याची चूल काही दिवस पेटलेली दिसते. या कमाईचे तसेच आहे.

एक उदाहरण घेऊ. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. एखादा चालक वर्षात कामासाठी ३०,००० मैल गाडी चालवतो, त्यातील १८,००० मैल प्रवासी गाडीत असताना आणि १२,००० मैल रिकामे. त्याने रिकाम्या मैलांची नोंद ठेवली नाही, तर ७० सेंटांच्या दराने ८,४०० डॉलरांचा खर्च त्याच्या हिशेबातून गळून पडतो. म्हणजे जे उत्पन्न त्याला झालेच नाही त्यावर तो कर भरतो. तेथे स्वतःचा धंदा करणाऱ्याला सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतील कामगाराचा आणि मालकाचा असे दोन्ही हिस्से भरावे लागतात. ते मिळून १५.३ टक्के होतात. नियमाप्रमाणे आकडेमोड केली तर या एका बाबतीतच सुमारे १,२०० डॉलर अधिक जातात आणि आयकर त्याहून वेगळा. जुन्या, कमी पेट्रोल खाणाऱ्या गाडीचा खरा खर्च प्रमाण दरापेक्षा कमी असू शकेल, हे मान्य. तरीही दिवसाकाठी दहा-बारा तास रस्त्यावर असणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

मग तो नोंद का ठेवत नाही? कारण कायदा जी नोंद मागतो ती ठेवणे सोपे नाही. प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, कामाचे कारण आणि अंतर, हे सारे त्या त्या वेळी किंवा लगोलग टिपलेले असले पाहिजे. वर्षअखेरीस आठवणीने मांडलेला अंदाज चालत नाही. वाहनखर्चाच्या बाबतीत कायदा मुद्दाम कडक केलेला आहे आणि 'साधारण इतके झाले असतील' हे म्हणणे न्यायालये ऐकून घेत नाहीत. धंद्याचा जो तक्ता विवरणपत्रासोबत भरायचा असतो त्यात कामाचे मैल, घर ते काम असे मैल आणि खाजगी मैल असे तीन वेगवेगळे आकडे विचारलेले असतात. त्याखाली दोन प्रश्न असतात: तुमच्याकडे पुरावा आहे काय, आणि असल्यास तो लेखी आहे काय? घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचे जाणे-येणे सामान्यतः खाजगी धरले जाते, ही आणखी एक खोच. काम नेमके कोठे सुरू झाले, हे सांगण्याची जबाबदारी चालकावर असते.

कंपनी वर्षाअखेरीस चालकाला मैलांचा सारांश देते, मग वेगळ्या वहीची गरज काय, असे विचारले जाते. या सारांशावर विसंबू नये, याला कारणे आहेत. काही कंपन्या केवळ सवारीचे मैल देतात, काही अ‍ॅप चालू असतानाचे सर्व मैल देतात, काही अंदाज देतात. मोजण्याची रीत कंपनी ठरवते आणि कंपनीच बदलते. शिवाय पोट भरण्यासाठी बहुतेक चालकांना दोन किंवा तीन अ‍ॅप एकाच वेळी चालू ठेवावी लागतात. अशा वेळी एकाच रस्त्यावरील तोच मैल दोन कंपन्यांच्या हिशेबात दोनदा येतो. दोन सारांशांची बेरीज केली तर चालक न चाललेले मैल दाखवतो आणि कायद्याच्या कचाट्यात सापडतो. एकच धरला तर चाललेले मैल गमावतो. खरा आकडा कंपनीजवळ नाहीच. तो गाडीच्या फळीवरील मैलमापकाजवळ आणि चालकाजवळ आहे. म्हणून चालकाची स्वतःची वही हवी.

या गरजेतून मैल मोजणाऱ्या अ‍ॅपांची एक बाजारपेठच उभी राहिली आहे. माइलआयक्यू, एव्हरलान्स, स्ट्राइड, ग्रिडवाइज अशी कितीतरी नावे आहेत. कोणते अ‍ॅप चांगले हे मी सांगणार नाही. आज चांगले असलेले उद्या विकले जाते. माइलआयक्यू बनवणारी कंपनी २०१५ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि पुढे ते अ‍ॅप पुन्हा वेगळे झाले. नावे बदलतात, कसोट्या टिकतात. त्या कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी: वही माझी आहे काय? सारी नोंद साध्या तक्त्याच्या रूपात, हवी तेव्हा, विनाअट बाहेर काढता आली पाहिजे. वर्गणी थांबवल्यावर जुन्या वर्षांची नोंद हाती राहते काय, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. विवरणपत्र भरल्यापासून साधारणपणे तीन वर्षे तरी पुरावा जपून ठेवावा लागतो. ज्या वहीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे ती वही आपली म्हणता येत नाही. दर महिन्याला नोंद बाहेर काढून आपल्या जवळ दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, ही सवय कोणत्याही अ‍ॅपपेक्षा महत्त्वाची आहे.

दुसरी कसोटी: नोंद आपोआप होते की बटण दाबून? आपोआप नोंदणारे अ‍ॅप विसराळूपणापासून वाचवते. पण ते दिवसरात्र जागे राहते, बॅटरी खाते, आणि मुलीला शाळेत सोडणे, आजारी आईला दवाखान्यात नेणे, हेही मैल टिपत बसते. रोज रात्री बसून कामाचे कोणते आणि घरचे कोणते हे निवडावे लागते. न निवडता सारेच कामाचे म्हणून दाखवले तर पूर्ण वहीवरचा विश्वास उडतो. हाताने सुरू करावयाचे अ‍ॅप या बाबतीत प्रामाणिक असते, पण सवारीच्या घाईत बटण राहून गेले की तो मैल गेलाच. दिवसात तीसचाळीस लहान फेऱ्या करणाऱ्या जेवणवाहकाला आपोआप नोंदणारे बरे. सकाळी गाडी काढून रात्रीच परतणाऱ्या टॅक्सीचालकाला दिवसाच्या आरंभी आणि शेवटी एकेकदा दाबण्याचे पुरते.

तिसरी कसोटी: दुरुस्ती करता येते काय आणि केलेली दुरुस्ती दिसते काय? उंच इमारतींच्या गल्ल्यांत, भुयारी मार्गात उपग्रहावरून येणारे स्थान चुकते. अशा वेळी चालकाला स्वतःची टीप जोडता आली पाहिजे. त्याचबरोबर मैलमापकाचा आकडा अधूनमधून नोंदण्याची सोय हवी, कारण अ‍ॅपची बेरीज खरी की खोटी हे तपासण्याचे तेवढेच एक स्वतंत्र साधन आहे.

चौथी कसोटी: हे अ‍ॅप कशावर जगते? जे दरमहा पैसे घेते त्याचा व्यवहार निदान उघड आहे, आणि ती वर्गणी धंद्याचा खर्च म्हणून वजाही करता येते. काही अ‍ॅप महिन्याला ठराविक फेऱ्यांपर्यंत फुकट असतात. पूर्ण वेळ काम करणाऱ्याची ती मर्यादा थोड्याच दिवसांत संपते. जे पूर्णपणे फुकट आहे त्याच्या बाबतीत अधिक चौकशी करावी. काही ठिकाणी चालकाला विमा विकून पैसा मिळवला जातो, काही ठिकाणी हजारो चालकांची माहिती एकत्र करून तिचे विश्लेषण विकले जाते. फुकट दिलेली वही वाईटच असते, असे माझे म्हणणे नाही. पण आपला दिनक्रम, आपले घर, आपले थांबे कोणाच्या गोदामात जमा होत आहेत, हे ठाऊक असले पाहिजे. विशेषतः कंपनीच्या खात्याचा आणि बँकेच्या खात्याचा परवलीचा शब्द मागणाऱ्या अ‍ॅपला तो देण्यापूर्वी दहादा विचार करावा.

पाचवी गोष्ट ही कसोटी नसून स्मरण आहे. कायद्याने अ‍ॅप सक्तीचे केलेले नाही. चार आण्यांची नव्हे, पण चार रुपयांची म्हणा, अशी एक वही आणि एक पेन्सिल गाडीत ठेवून रोज लिहिणाऱ्या चालकाचा पुरावा तितकाच ग्राह्य आहे. अ‍ॅप घेतले तरी १ जानेवारीला मैलमापकाचा आकडा कागदावर लिहून त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. यंत्र बिघडते, फोन हरवतो, कंपनी बुडते. त्या दिवशी हा एक आकडा साक्षीला उभा राहतो.

येथपर्यंत बोललो ते एकट्या चालकाच्या हिताचे. आता आपल्यापैकी अनेकांच्या मनात घोळत असलेल्या आक्षेपाकडे वळतो. चालकाला करवजावटीचे गणित शिकवणे म्हणजे त्याला 'तू कामगार नाहीस, छोटा व्यापारी आहेस' हे कंपनीचेच म्हणणे पाठ करायला लावणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. वजावटीने चालकाचा खर्च भरून निघत नाही. ८,४०० डॉलरांच्या खर्चापोटी करातील थोडी बचत होते आणि उरलेला भार त्याच्याच डोक्यावर राहतो. शिवाय ती बचत येते सार्वजनिक तिजोरीतून. रिकामी गाडी जवळपास फिरत असते म्हणून प्रवाशाला पाच मिनिटांत गाडी मिळते, आणि हाच कंपनीचा विकाऊ माल आहे. त्या फिरण्याचा खर्च मात्र चालक आणि सरकार यांनी वाटून घ्यायचा. ही कंपनीला दिलेली आडवाटेची सवलत आहे, हे आपण स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

परंतु एवढ्यावरून वहीच नको असे म्हणणे चुकीचे ठरेल. आजच्या कायद्यात आज मिळणारा पैसा चालकाने सोडून द्यावा, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि दुसरे असे की, रिकाम्या मैलांचा हिशेब एकदा उघड्यावर आला म्हणजे तो करविवरणापुरता राहत नाही. याची साक्ष तीन ठिकाणी मिळते.

न्यू यॉर्क शहरात टॅक्सी अँड लिमोझिन कमिशन ही सार्वजनिक नियामक संस्था आहे. तिने कंपन्यांकडून प्रत्येक फेरीची माहिती सक्तीने घेतली. जेम्स पॅरट आणि मायकेल राइक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ साली त्या माहितीचा अभ्यास केला. चालकाच्या कामाच्या वेळापैकी सुमारे ५८ टक्के वेळच गाडीत प्रवासी असतो, हे त्यातून पुढे आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कमिशनने नियम केला: मैलाचा आणि मिनिटाचा दर या प्रमाणाने भागावा, म्हणजे सवारीच्या मैलातून रिकाम्या मैलाचाही मोबदला निघेल. खर्च वजा जाता तासाला १७.२२ डॉलर हा पाया धरण्यात आला आणि फेब्रुवारी २०१९ पासून तो नियम लागू झाला. कंपन्यांनी मागणी कमी असताना चालकांना अ‍ॅपबाहेर ठेवण्याची युक्ती काढली. २०२४ मध्येही हा वाद पेटला. लढा संपला नाही. पण रिकामा मैल हा वेतनाचा विषय आहे, हे सरकारी सूत्रात लिहिले गेले.

कॅलिफोर्नियाची गोष्ट उलट आहे. तेथे २०१९ च्या कायद्याने चालकांना नोकर मानण्याची वाट मोकळी झाली होती. कंपन्यांनी २० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतून नोव्हेंबर २०२० मध्ये लोकमताने आपल्यापुरती सुटका करून घेतली. बदल्यात काय दिले? सवारी स्वीकारल्यापासून ती संपेपर्यंतच्या वेळेला किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची हमी आणि तेवढ्याच मैलांना मैलामागे ३० सेंट, पुढे महागाईप्रमाणे वाढणारे. २०२१ साली संघराज्य सरकारचा प्रमाण दर ५६ सेंट होता, हे शेजारी ठेवून पाहावे. सवारीची वाट पाहण्याचा वेळ आणि त्या वेळचे मैल शब्दांच्या व्याख्येतूनच वगळले गेले. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था कायम ठेवली. व्याख्या लिहिणाऱ्याच्या हातात तराजू असतो, तो असा.

ब्रिटनमध्ये १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या खटल्यातील चालकांना कामगार ठरवले. परवान्याच्या क्षेत्रात अ‍ॅप उघडून सवारी घेण्यास तयार असलेला चालक कामावरच आहे, असे न्यायालयाने मानले. पुढच्याच महिन्यात कंपनीने किमान वेतन देण्याचे मान्य केले, पण सवारी स्वीकारल्यापासूनचेच. पुन्हा तोच रिकामा वेळ, तोच रिकामा मैल. चालकांनी कंपन्यांजवळ असलेली स्वतःविषयीची माहिती मिळावी म्हणून दावे लावले आणि एप्रिल २०२३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्याच्याजवळ स्वतःची नोंद आहे तोच कंपनीची नोंद तपासू शकतो, हा या सगळ्यातला धडा.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडे आयकरात मैलामागे वजावटीचा असा दर नाही आणि बहुसंख्य चालकांचा प्रश्न आयकराचा नाहीच. आपल्याकडचा प्रश्न सरळ भाड्याचा आहे. रिक्षा-टॅक्सीचे मीटर सरकारी तपासणी होऊन सील लागल्याखेरीज रस्त्यावर येत नाही. त्याचा दर परिवहन प्राधिकरण जाहीरपणे ठरवते. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये झाले ते त्याच रीतीने. अ‍ॅपवरील अंतरमापन मात्र कंपनीच्या यंत्रात होते आणि त्या यंत्राला कोणाचे सील चालकाला दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅप-कंपन्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. चालकाच्या मालकीची गाडी असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. त्यांतच असेही आहे की, सवारीला घेण्यासाठीचे अंतर तीन किलोमीटरपेक्षा कमी असेल ती बाब सोडली तर रिकाम्या अंतराचे पैसे प्रवाशाकडून घेऊ नयेत. प्रवाशाला संरक्षण मिळाले, ते योग्यच. पण मग लांबवरच्या सवारीसाठी तोडलेल्या त्या चार-पाच किलोमीटरांचे पैसे कोणी द्यायचे? या प्रश्नापाशी येऊन दस्तऐवज मुका होतो, आणि चालकाच्या हाती आकडा नसल्यामुळे त्याचे तोंडही बंद राहते.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा फुटकळ कामांवर जगणाऱ्यांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला होता. हा वर्ग असंघटित आहे असे म्हणून आपण हळहळतो. पण एक निश्चित मालक नसलेल्या कामगाराला कायद्यात आणण्याचे काम महाराष्ट्राने पूर्वी करून दाखवले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक आणि हमाल या दोघांचीही नोंद मंडळाकडे आणली आणि मजुरी मंडळामार्फत चुकती करण्याची पद्धत घातली. हिशेबाची वही मुकादमाच्या बगलेतून निघून सार्वजनिक संस्थेच्या कपाटात आली, हे त्या कायद्याचे मर्म.

राजस्थानचा अनुभवही असाच बोलका आहे. १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाया घेऊन हजेरीपटांच्या नकला मागितल्या. न झालेल्या कामांची आणि न आलेल्या मजुरांची नावे वाचून दाखवली गेली तेव्हा हिशेब मागण्याचे बळ गावाला कळले. त्या मागणीतून पुढे २००५ चा माहितीचा अधिकार उभा राहिला. २०२३ साली राजस्थानने अ‍ॅप-कामगारांसाठी देशातील पहिला कायदा केला. त्यामागच्या मोहिमेतही ही मंडळी होती, हा योगायोग नव्हे. प्रत्येक व्यवहाराची नोंद सरकारच्या मध्यवर्ती यंत्रणेत दिसावी, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. अंमलबजावणी रेंगाळली, हेही सांगितले पाहिजे. कायद्याचे कलम आपोआप चालत नाही.

तेव्हा आपण काय करावे? मोठ्या घोषणेपूर्वी एक लहान काम सुचवतो. आपापल्या शहरातील अ‍ॅपचालकांच्या संघटनांशी बोलून इच्छुक चालकांनी एक महिना तिन्ही प्रकारचे किलोमीटर वेगवेगळे टिपावेत: सवारीचे, सवारीला घेण्याचे आणि रिकामे. अ‍ॅप वापरायचे तर मघाशी सांगितलेल्या कसोट्यांवर घासून घ्यावे. नसेल तर वही पुरते. सकाळ-संध्याकाळ मीटरचा आकडा लिहावा, त्याखाली पेट्रोल किंवा गॅसचा खर्च आणि हातात आलेली रक्कम. महिन्याअखेरीस त्याची बेरीज करून परिवहन प्राधिकरणापुढे, वर्तमानपत्रांपुढे आणि प्रवाशांपुढेही ठेवावी. प्रवासी हा आपला शत्रू नाही. त्याने दिलेल्या रुपयातील किती आणे कोठे गेले हे त्यालाही कळले पाहिजे.

यात एक पथ्य कसोशीने पाळावे लागेल. चालक कोठे जातो, कोठे थांबतो, रात्री कोणत्या गल्लीत राहतो, ही माहिती कंपनीच्या हाती असणे धोक्याचे असेल तर ती संघटनेच्या कार्यालयात पडून राहणेही निर्धोक नाही. आपल्याला हवे आहे ते अंतर, ठिकाणे नकोत. बेरीज घ्यावी, मूळ वही चालकाच्याच घरी राहू द्यावी. लोकशाही कार्यपद्धतीची परीक्षा अशा लहान गोष्टींतच होत असते.

तेथील चालकाने अ‍ॅप कोणते निवडावे, या प्रश्नापासून आपण निघालो. त्याला माझे उत्तर असे: ज्याची नोंद त्याच्या हातात राहील, पडताळून पाहता येईल आणि उद्या दुसऱ्या चालकाच्या नोंदीशेजारी ठेवता येईल, ते निवडावे. एकट्याची वही त्याचा कर वाचवते. शंभर जणांच्या वह्या एका टेबलावर आल्या म्हणजे दर ठरवणाऱ्यांना उत्तर द्यावे लागते. त्या टेबलाची व्यवस्था करणे हे आपले काम आहे. पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेला ही नोंद सुरू करण्याची जबाबदारी कोण घेणार, एवढे आज येथून उठण्यापूर्वी ठरवावे, अशी माझी विनंती आहे.